कॅमेऱ्याबाहेरची न्हाणी

लोणावळ्यात ज्यांचे बंगले आहेत ती माणसं लोणावळ्यात राहत नाहीत, आणि जी राहतात त्यांचे बंगले नाहीत. या एका गोष्टीवर अमृत कालेकरचा संसार अकरा वर्षं चालला होता. मालक मुंबईला, नाहीतर थेट सातासमुद्रापार. बंगला इथं पावसात भिजतोय आणि माकडं कौलांवर नाचतायत. मग मालकाचा जीव टांगणीला लागतो. टाकी वाहतेय का, फाटक उघडं राहिलं का, आपल्या पलंगावर दुसरंच कुणी लोळत तर नाही ना. असल्या जिवाला अमृत उतारा द्यायचा. चार-पाच कॅमेरे, रेकॉर्डिंगची एक पेटी, शे-दीडशे मीटर वायर, आणि शेवटी मालकाच्या मोबाइलमध्ये त्याच्याच अंगणाचं चित्र.

अमृत मूळचा पवनानगरकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. भात आणि चार गुरं यांच्यावर दोन भावांचं भागेना म्हणून आयटीआय करून कारखान्यात लागला. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा केबल टीव्हीच्या तारा ओढत गल्लोगल्ली हिंडला. मग घराघरांवर डिशच्या छत्र्या आल्या, केबलचा धंदा बसला, आणि अमृत कॅमेऱ्यांकडे वळला. त्याची बायको सविता म्हणायची, "सप्तपदी माझ्याबरोबर चाललात, पण गाठ पडली ती वायरीशी." तो हसायचा. तेव्हा त्या घरात हसणं बरंच होतं.

कामाला माणूस चोख. वायफायच्या कॅमेऱ्यांचं त्याला वावडं होतं. "पावसाळ्यात ते कॅमेरे म्हणजे रुसलेला जावई," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "कधी तोंड दाखवील आणि कधी पाठ, नेम नाही. वायरीचे घ्या." पाइपातून वायर, पाइपाला हात-हात अंतरावर क्लिपा, सांध्याला डबी, डबीला खालून बारीक भोक, म्हणजे आत पाणी साठत नाही. माकडाला ओढता येईल असं लोंबतं टोक त्यानं कधी ठेवलं नाही. आणखी एक नेम होता. या धंद्यातले बरेचजण गिऱ्हाइकाचं खातं आपल्याही मोबाइलवर ठेवून देतात, पुढं सर्व्हिसला बरं पडतं म्हणून. अमृत ते गिऱ्हाइकाच्या देखत काढून टाकायचा. दुसऱ्याच्या घरात डोकावायची त्याला लाज वाटे. कॅमेरे लावणाऱ्याला असली लाज असावी हे जरा चमत्कारिकच, पण होती खरी. पुढं जे झालं त्याची सुरुवात त्या लाजेपासून झाली, म्हणून सांगितलं.

तुंगार्लीच्या वरच्या अंगाला बारा बंगल्यांची एक गल्ली आहे. त्यातला शेवटचा बंगला राजेश्वरीबाईंचा. बाई साठीपुढच्या, विधवा, राहायला पार्ल्याला. एकुलता एक मुलगा सार्थक कॅनडात. बाई त्या बारा बंगल्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या आणि बोलायला सरळ. त्यांनी फोनवरच सांगितलं, "कालेकर, माझ्याकडचं काम बघून बाकीचे अकराजण ठरवणार आहेत." अकरा बंगले म्हणजे अमृतला दोन वर्षं दुसरीकडे बघायला नको. मे संपत आला होता. पावसाच्या आधी काम व्हायला हवं होतं. अमृत दुसऱ्याच दिवशी सकाळी आठला शिडी घेऊन फाटकावर हजर झाला.

फाटक नवसूनं उघडलं. नवसू म्हणजे त्या बंगल्याचा राखणदार, माळी, प्लंबर आणि पाहुणे आले की हमाल. आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीचा. सतरा वर्षं तो बायको चिंगीसह बंगल्यामागच्या खोलीत राहत होता. पगार यथातथाच, पण खोली होती, आणि ती लोणावळ्यात होती. त्याच्या वाडीतून कॉलेज गाठायचं तर आधी दोन तासांची पायपीट, मग बस, तीही आली तर. इथून त्याची लेक संगीता वीस मिनिटांत चालत कॉलेजला जायची. अकरावी सायन्स पास होऊन बारावीत चालली होती. तिला नर्स व्हायचं होतं. अख्ख्या वाडीत दहावीपुढं गेलेली ती पहिलीच पोरगी. नवसू सतरा वर्षं दुसऱ्याच्या बागेला पाणी घालत होता ते याच्यासाठी, आणि ही गोष्ट तो येईल त्याला सांगायचा. अमृतला त्यानं फाटकापासून पोर्चपर्यंत चालता चालता सांगून टाकली.

पहिल्या दिवशी चार कॅमेरे लागले. दुसऱ्या दिवशी मागचा पाचवा तेवढा राहिला होता. अमृतची रीत अशी की आधी सगळे कॅमेरे बसवायचे, प्रत्येकाची नजर कुठून कुठपर्यंत ते ठरवायचं, आणि सगळ्यात शेवटी पेटी इंटरनेटला जोडून मालकाच्या मोबाइलवर चालू करून द्यायची. मुंडावळ्या बांधल्याशिवाय नवरदेव मांडवात आणायचा नाही, असं तो म्हणे. पण त्या सकाळी सार्थकचा कॅनडाहून फोन आला. तिकडे मध्यरात्र झाली होती आणि त्याला झोपायच्या आधी बंगला बघायचा होता. "राहिलेलं नंतर करा हो, मला जेवढं झालंय तेवढं दाखवा." मालकाच्या मुलाला नाही कसं म्हणायचं? अमृतनं पेटीवरच्या क्यूआर कोडच्या चौकटीचा फोटो त्याला पाठवला, त्यानं तो स्कॅन केला, पासवर्ड घातला, आणि साता समुद्रांपलीकडे त्याच्या हातात फाटक, पोर्च, बाग, पायरी सगळं उघडलं. लहान पोराला झाला असता तसा आनंद त्याला झाला. अमृतही खुशीत शिडी घेऊन मागच्या बाजूला गेला.

मागचा कॅमेरा व्हरांड्याच्या तुळईला, बारा फुटांवर. अमृतनं तो बसवला, पेटीकडून आणलेली वायर त्याला जोडली, दुसरं एक टोक हातातल्या छोट्या स्क्रीनला लावलं आणि बघू लागला. मागचं काटेरी कुंपण आलं. फणसाचं झाड आलं. नवसूची खोली आली. आणि खोलीमागची न्हाणी आली. जुने पत्रे आणि गोणपाट यांचा तीन बाजूंनी आडोसा, वर आभाळ. जमिनीवर उभ्या माणसाला आतलं काही दिसत नव्हतं. बारा फुटांवरून सगळं दिसत होतं: न्हाणीतला दगड, बादली, दगडावरचा साबण, बांबूवर टाकलेली पोरीची ओढणी.

अमृतनं पटकन स्क्रीन पालथा केला, जणू काही त्यानंच चोरी केली होती. हे चित्र कॅनडात जाणार. बाईंच्या मोबाइलवर जाणार. बाईंचा भाचा, पुतण्या, ज्याला म्हणून पासवर्ड मिळेल त्याच्याकडे जाणार. चित्रातल्या तेवढ्याच जागेवर काळी पट्टी टाकायची सोय पेटीत असते, पण काळी पट्टी दिसली की सार्थक विचारणार, हे काय झाकलंय. तो खाली उतरला आणि नवसूला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

नवसूचा चेहरा बघवेना.

"बाईला सांगू का?" अमृतनं विचारलं. "वर दोन पत्रे टाकून देतील."

"नगा, भाऊ," नवसू घाईनं म्हणाला. "बाया-पोरींच्या न्हाणीची गोष्ट. बाई त्या साह्यबाला सांगनार, साह्यब आनखी कुनाला. कशाला ती चर्चा. तुमी तेवढं जरा तिकडं फणसाकडं वळवा, म्हंजी झालं. पत्र्याचं मी बघतो सवडीनं."

अमृतला ते पटलं. लाजेची गोष्ट लाजणाऱ्याला लगेच पटते. तो पुन्हा शिडीवर चढला. पण कॅमेरा नेमका किती वळवायचा? शिडीवर बसून एका हातानं कॅमेरा आणि दुसऱ्या हातानं स्क्रीन धरून नेमकी रेघ कळत नाही. अशा वेळी फिटर जे करतात तेच त्यानं केलं. "नवसू, न्हाणीपाशी उभा राहा. हात वर कर. मी थांब म्हनंस्तवर खाली घेऊ नको." नवसू न्हाणीच्या आडोशाला टेकून हात वर करून उभा राहिला. अमृत कॅमेरा सुतासुतानं वळवत गेला. स्क्रीनवरून आधी न्हाणी आणि मागचं कुंपण गेलं, मग नवसूचा खांदा गेला, मग चेहरा, मग नुसता वर केलेला हात राहिला, आणि मग तोही गेला. "बास," अमृत ओरडला. चिंगी खोलीच्या दारातून हे बघत होती. तिनं दोघांना चहा करून दिला.

पेटी चालू होती, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. रोजच्या रीतीत ती तेव्हा बंद असायची.

जून गेला, जुलै गेला. बाई कामावर खूश होत्या. सार्थक रोज सकाळ-संध्याकाळ बंगला बघायचा आणि आईला सांगायचा, आज पाऊस किती आहे, आज माकडं किती आली. गल्लीतल्या दोघातिघांनी अमृतचा नंबरही घेतला. नवसूनं पत्र्याचं काही केलं नव्हतं. कॅमेरा वळवला होता, मग घाई कसली.

श्रावणात तीन दिवस असं धुकं उतरलं की गल्लीतल्या माणसाला समोरचं फाटक दिसेना. त्यातच नवसूची आई वाडीला आजारी पडली. बाईंना विचारून, बंगल्याला कुलूप लावून तो चिंगीला आणि पोरीला घेऊन एक दिवसासाठी गेला. परत आला तेव्हा मागचं कुंपण न्हाणीच्या मागे कापलेलं होतं. एसीच्या तांब्याच्या नळ्या गेल्या होत्या, आणि मागच्या व्हरांड्यातला झोपाळा जमिनीवर पडला होता. त्याच्या पितळी कड्या गेल्या होत्या. त्या कड्या बाईंच्या सासूच्या माहेरच्या, मनगटाएवढ्या जाड. नवसूनं स्वतःच बाईंना फोन केला.

बाई गाडी करून आल्या. पोलीस येऊन पंचनामा करून गेले. रेकॉर्डिंग काढून द्यायला अमृतला बोलावलं. दिवाणखान्यात टीव्हीला पेटी जोडलेली, टेबलावर बाईंचा मोबाइल, त्यात व्हिडिओ कॉलवर सार्थक. दाराशी नवसू उभा, त्याच्या मागं पदर तोंडाशी धरून चिंगी. अमृतनं पाचही चौकोन लावले. चार चौकोनांत नुसतं धुकं. पाचव्यात फणस आणि धुकं. माणूस एकही नाही.

"मागचा कॅमेरा कुंपण का दाखवत नाही?" सार्थकनं विचारलं.

अमृत पेटीची बटणं दाबू लागला.

"थांबा, माझ्याकडे चालू केलं त्या दिवशीचं आहे," सार्थक म्हणाला. त्या सकाळी गमतीनं त्यानं दोन मिनिटांचा तुकडा मोबाइलवर ठेवून घेतला होता आणि घरच्यांच्या ग्रुपवर टाकलाही होता: नवसूकाका लाइव्ह. तो त्यानं आता आईला पुन्हा पाठवला. बाईंनी लावला. आवाज नव्हता, कॅमेऱ्यांना माइकच नव्हते. न्हाणीच्या बाहेर, पत्र्याच्या आडोशाला टेकून नवसू हात वर करून उभा. मागं कुंपण, सगळ्यांचे डोळे त्यावरच. चित्र हळूहळू सरकतंय. आधी न्हाणी आणि कुंपण गेलं, मग नवसू गेला, शेवटी हात गेला. एवढंच.

"त्याला नक्की माहीत होतं, आई," कॅनडाहून आवाज आला. "कुठपर्यंत दिसतं आणि कुठून दिसत नाही. आणि नेमकं तिथूनच कुंपण कापलंय. त्याच दिवशी हा गावाला."

बाईंनी चष्मा काढला. "कालेकर, तुम्ही कॅमेरा का वळवला?"

आता खरं सांगायची वेळ होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण अमृतच्या डोळ्यांसमोर अकरा बंगले उभे राहिले. मालकाला न विचारता राखणदाराच्या सांगण्यावरून कॅमेऱ्याची नजर फिरवणारा फिटर. असल्या फिटरला उद्या या गल्लीत कोण पाय ठेवू देणार? आणि गल्लीचं सोडा, गवळीवाड्यापासून खंडाळ्यापर्यंत ही गोष्ट आठवड्याभरात पोचली असती.

"फांदीमुळं, मॅडम," तो म्हणाला. "कुंपणाकडं करवंदीची फांदी हलते. हालचाल दिसली म्हणून सारखा अलार्म वाजला असता."

"मग नवसू तिथं हात वर करून काय करत होता?"

"मीच उभा केला होता. कुठपर्यंत दिसतंय ते बघायला."

"म्हणजे कुठपर्यंत दिसतंय ते त्याला माहीत होतं."

अमृतनं नवसूकडे बघितलं नाही. "हो," तो म्हणाला.

या प्रत्येक शब्दात खोटं म्हणावं तर फारच थोडं होतं. फांदी खरोखरच होती. उभंही खरोखर त्यानंच केलं होतं. आणि असं असूनही त्या दिवाणखान्यात सगळ्यात मोठी लबाडी त्यानंच केली.

बाई नवसूकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "नवसू, तुला काही सांगायचंय? सांग. मी ऐकते."

नवसूनं एकदा अमृतकडे पाहिलं, एकदा मागं उभ्या बायकोकडे. टेबलावरच्या मोबाइलमधून साहेब बघत होता. "न्हाई, बाई," तो म्हणाला. "म्या चोरी न्हाई केली. बाकी काय सांगायचं न्हाई."

"पोलिसांत मी तुझं नाव देत नाही," बाई म्हणाल्या. "सतरा वर्षांकडे बघून तेवढं करते. आठ दिवसांत खोली रिकामी कर."

त्या दिवशी घरी जाऊन अमृतनं सविताला सगळं सांगितलं. न सांगून राहवेना. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि हात थांबवला. "बाईला आत बोलवून एकटीला सांगायचं होतं. बाईमाणसाला बाईमाणसाचं कळतं."

"नवसूनंच सांगू नको म्हटलं होतं. शब्द दिला होता मी."

"शब्द," सविता म्हणाली. "त्याचं घर चाललं आणि तुम्ही शब्द धरून बसलात व्हय?"

अमृत तिच्यावर खेकसला आणि जेवणावरून उठला. खरं बोलणाऱ्या बायकोवर खेकसण्याइतकं सोपं जगात काही नसतं. त्या दिवसापासून त्याच्या घरातलं हसणं कमी झालं.

अकरा बंगल्यांचं काम त्याला मिळू लागलं. एकामागून एक. राजेश्वरीबाईंचा मागचा कॅमेराही त्यानं सरळ करून दिला. आता त्यात कुंपण दिसायचं, खोली दिसायची, न्हाणीही दिसायची, पण खोली रिकामी होती आणि दगडावर शेवाळ धरलं होतं. कड्या सापडल्या नाहीत. चोर कोण, तेही कळलं नाही.

नवरात्रात नवीन राखणदार आला, उमेश नावाचा, बायकोसह. बायको तरतरीत. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात उभं राहून वर पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि स्वतःच बाईंना फोन लावला. न्हाणीला छत नाही आणि वरून कॅमेरा आहे, मी अंघोळ कुठं करू ते सांगा. बाईंनी त्याच दिवशी पत्रेवाला पाठवला. अर्ध्या दिवसात काम झालं.

दिवाळीच्या आधी बाई बंगला उघडायला आल्या तेव्हा अमृत पेटीची डिस्क बदलत होता. बाई मागं जाऊन न्हाणी बघून आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"सतरा वर्षांत नवसू एकदाही बोलला नाही हो," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याही डोक्यात कधी आलं नाही. माझंही चुकलंच. एवढी मोठी पोरगी तिथं..." त्या मध्येच थांबल्या. चष्म्यावरून अमृतकडे बघू लागल्या. "कालेकर, तुम्ही कॅमेरा वळवला तो नक्की फांदीमुळं ना?"

देव सगळ्यांनाच दुसरी संधी देतो असं नाही. अमृतला दिली होती. तिथं पोलीस नव्हते, सार्थक नव्हता, एकट्या बाई होत्या, आणि त्यांना निम्मं तर कळलंच होतं. पण गल्लीतले चार बंगले अजून बाकी होते. आणि एकदा खोटं बोललो हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

"फांदीमुळंच, मॅडम," तो म्हणाला आणि पेटीचे स्क्रू आवळू लागला.

बाईंनी मान हलवली. त्यांनाही बहुधा तेच ऐकायचं होतं.

त्यानंतर मात्र अमृतला चैन पडेना. चार दिवस त्यानं काढले आणि पाचव्या दिवशी बाइक काढून आंदर मावळात गेला. टाकव्यापुढं रस्ता अरुंद होत गेला, मग खडीचा झाला, मग ओढ्यापाशी संपला. बाइक तिथंच लावून तो चढणीला लागला. सगळ्या चढणीवर तो एकच वाक्य घोकत होता: नवसू, मी शब्दासाठी गप्प बसलो नाही, धंद्यासाठी बसलो. एवढं सांगायचं आणि मग नवसू काय करील ते करील. शिव्या देईल, मारील. मारलं तर बरंच.

वाडीत भाताची झोडणी चालली होती. नवसू खळ्यावर होता. तो वाळला होता. अमृतला बघून त्यानं हातातली पेंढी टाकली आणि पळत आला. राग नव्हता, काही नव्हतं. "भाऊ, तुमी? इतक्या लांब? चिंगे, पानी आन. बघ कोन आलंय."

घोंगडी अंथरली गेली. पाणी आलं, कोरा चहा आला. आसपासची चार माणसं जमली. नवसूनं त्यांना सांगितलं, "ह्येच ते भाऊ." सगळ्यांनी अमृतकडे आदरानं पाहिलं. त्याला कळेना, हे काय चाललंय.

"नवसू," तो म्हणाला, "मी एक सांगायला आलोय."

"तुमी काय सांगायचं न्हाई," चिंगी पुढं झाली. त्या बाईला इतकं बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. "आमाला समदं ठावं हाय. त्या दिशी तुमी तोंड उघडलं असतं तर माझ्या पोरीची न्हाणी तितं समद्यांच्या तोंडी झाली असती. पोलिसांच्या, त्या परदेशातल्या साह्यबाच्या. आमचं काय, काम गेलं तर दुसरं करू. पन तुमी सोताच्या अंगावर घेतलं. फांदीचं नाव सांगितलं. दिलेला शब्द ठिवला. परक्या मानसानं आमची लाज राखली, भाऊ."

अमृतनं तोंड उघडलं. जमलेली माणसं बघत होती. नवसू बघत होता, डोळ्यांत पाणी आणून. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. ते बोललं की या माणसांनी मनात जपलेलं एवढं एक चांगलंही त्यांच्याकडून जाणार होतं. असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, इतक्या माणसांच्या आदरातून खाली उतरायचं त्याला धैर्य झालं नाही. त्यानं तोंड मिटलं आणि चहाचा घोट घेतला.

संगीता शेताकडून भाताचा भारा डोक्यावर घेऊन आली. तिनं तो खळ्यावर टाकला. हातांना काप पडले होते.

"कॉलेज?" अमृतनं विचारलं.

"सोडलं," नवसूच म्हणाला. "हितनं कसं जमनार. बगू म्होरल्या सालाला." म्होरल्या सालाला काही होणार नव्हतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. अमृतलाही.

"संगीता, भाऊंच्या पाया पड," चिंगी म्हणाली.

पोरगी समोर येऊन उभी राहिली. वाकली नाही. तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि शाळेत शिकलेल्या स्वच्छ भाषेत हळूच विचारलं, "काका, माझी मैत्रीण त्या गल्लीत कामाला जाते. ती म्हणाली, न्हाणीला आता वरून पत्रा टाकलाय. खरं का?"

"हो," अमृत म्हणाला.

"नव्या बाईनं नुसतं सांगितलं, म्हणून?"

"हो."

"किती दिवस लागले?"

खळ्यावर झोडणी थांबली होती. नवसू आणि चिंगी लेकीकडे बघत होते, तिला हे का विचारायचंय ते न कळून.

"अर्धा दिवस," अमृत म्हणाला.

संगीतानं मान हलवली. मग ती आईनं सांगितलं होतं तशी वाकली, त्याच्या पायांना हात लावला, आणि पुढचा भारा आणायला शेताकडे निघून गेली. वाकलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी चांगलं म्हणायचं असतं. अमृतचा हात मांडीवरून उचललाच गेला नाही.